तोरडीच्या आतला शिक्का

इतवारीतल्या सराफानं आईच्या पायातली चांदीची तोरडी भिंगाखाली आतून-बाहेरून पाहिली. "ताई, शिक्काच नाही. कोणाच्या हातची आहे, कसं सांगू?"

त्याच्याकडच्या रिठ्याच्या वासानं मी केव्हाच आमच्या अंगणात पोचले होते.

दादाचं लग्न होतं. आईच्या तोरड्या मी रिठ्याच्या पाण्यात घासत होते. दोन्हींच्या आत एकेक काळा डाग होता, काही केल्या निघेना. शेवटी बाबांचा पॉलिशपेपर आणला, डाग साफ केले आणि मोठ्या ऐटीत तोरड्या आईच्या हातात ठेवल्या.

तिनं आत अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथं काहून घासलं वं? माह्या बाबाचा शिक्का होता तो."

उमरेडचे आजोबा चांदीकाम करायचे, एवढंच मला ठाऊक होतं. मी रडायला लागले, तशी ती म्हणाली, "राहू दे. चमकून राहिल्या ना मस्त."

पण त्यानंतर तोरड्या घालण्याआधी दर वेळी तिचा अंगठा आतून फिरायचा.

"मोडायची आहे का?" सराफ विचारत होता.

मी मानेनंच नाही म्हटलं. माझा अंगठा तोरडीच्या आतून फिरत होता आणि त्याला काहीच लागत नव्हतं.