सासूबाईंचं फोल्डर

बायको उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवाड्यातली. तिच्या आईने शेवटच्या आजारपणात बोंबील सुकवण्यापासून लग्नातल्या गाण्यांपर्यंत बरंच काही सांगितलं होतं. बायकोने ते मोबाईलवर रेकॉर्ड करून, भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरातल्या लिनक्स कॉम्प्युटरवर ठेवलं. त्यात रोज आपोआप स्नॅपशॉट निघायचा, म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं धरून ठेवायचं. पुढे फाईल उडवली तरी जुन्या स्नॅपशॉटमधून परत काढता येते. ही सोय मी केली, याचा मला केवढा तोरा!

सासूबाई गेल्या आणि दोनेक महिन्यांत डिस्क भरली. माझं ऑफिसचं काम अडलं. बायकोनेच विचारलं, "आईचं फोल्डर मोठं आहे. उडवू का? परत मिळेल ना?"

"बिनधास्त उडव. स्नॅपशॉट आहेत ना!"

तिने उडवलं. मोबाईलमधलं तिने आधीच पुसलेलं. जागा मात्र काही सुटली नाही. सुटणार कशी? उडवलेलं सगळं स्नॅपशॉटनीच धरून ठेवलेलं. मला हे कळत होतं, पण साहेबांचे फोनवर फोन चालले होते. मी सगळे स्नॅपशॉट निवडले आणि पुसले. जागा झाली. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

फोल्डर आठवलं दुसऱ्या दिवशी, दाढी करताना.

डिस्क घेऊन भाईंदर पश्चिमेच्या, उडालेला डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, ऊपर से नया लिख गया है. अब कुछ नहीं निकलेगा."

घरी सांगितलं, डिस्क खराब झाली. बायको उलट मलाच म्हणाली, "जाऊ दे रे, तू तरी काय करणार?" त्यानंतर दहा महिने मी गप्प.

परवा सासूबाईंना वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्साहून परतताना ती रिक्षात म्हणाली, "आई सुरुवातीलाच विचारायची बघ, 'सुरू हाय का न्हाय गो?' त्याच्यापुढे काय म्हणायची? मला आठवतच नाहीये."

मग मात्र राहवेना. "डिस्क गेली नव्हती. स्नॅपशॉट मी पुसले."

रिक्षावाल्याने विचारलं, "अंदर लूं क्या?" "गेटपे रोको," ती म्हणाली.

जिन्यात थांबून तिने विचारलं, "तू एकदा तरी ऐकलं होतंस का ते?"

"नाही."

"मग पुढचं तुला तरी काय विचारायचं," म्हणाली, आणि माझ्या पुढे वर गेली.