पाठीमागून आलेली हाक

धुळ्यात कॉलेजला जाताना एका गल्लीत यंत्रमागांच्या तेलाचा उग्र वास येतो आणि मला एक जुनी आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठवते.

पप्पा सुरतेला मागांवर, दिवसभराच्या खडखडाटात, कामाला आहेत. तेव्हा सणासाठी घरी आले होते आणि अंगणात पाठमोरे बसून खाट विणत होते. आईने दारातून हाक मारली, "अहो, जेवाले चला!" त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेला आजी म्हणाली, "सुरतना साहेब व्हयी गया तो, आते तुनं काय आयकस!" आम्ही हसलो, आईही हसली. मग तिने त्यांच्या मागे जाऊन पितळी ताट फरशीवर आपटलं. कोंबड्या पळाल्या. पप्पा दोरी ओढत राहिले.

आई त्यांच्या समोर जाऊन बसली. "आते नका जाऊ तठे," ती म्हणाली.

तिच्या ओठांकडे बघत पप्पा म्हणाले, "पोरगीले शिकाडनं शे ना."

सणाच्या दिवशी ताट आपटलं म्हणून मला तेव्हा आईचाच राग आला होता.

काल मी फोनवर म्हणाले, "पप्पा, मी नोकरी बघते. तुम्ही घरी या."

"हा बेटा," ते म्हणाले, "बरं शे, आठे सगळं बठ्ठं बरं शे."