पांढरा साका

लातूरच्या इतिहासात नोंद व्हावी अशी अत्यंत गंभीर घटना मी आज जाहीर करतो आहे. परवा फिल्टरवाल्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले, पाणी दुधाळ झालं आणि मला बारावीची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. तेव्हा जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. डिस्टिल्ड वॉटर संपलेलं, म्हणून आम्ही ओळखायला मिळालेला आपापला क्षार घागरीतल्या बोअरच्या पाण्यात विरघळवला. परगावच्या परीक्षकांनाही आमच्या सरांनी त्याच घागरीतलं पाणी प्यायला दिलं. प्रत्येकाला क्षार वेगळा दिला होता, पण सिल्व्हर नायट्रेट टाकताच एकेक नळी पांढरी होत गेली. पांढरा साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, दिसला की क्लोराईड. परीक्षक टेबलामागून टेबल बघत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांचं एकच उत्तर? ही कॉपी आहे. अख्खी बॅच नापास." मी घागरीतल्या नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. तेही पांढरं! आमच्या सरांनी डोळे वटारले, पण मी परीक्षकांकडे बघत ओरडलोच, "सर, क्लोराईड ह्या घागरीतच हाय, आन् तुमी आत्ताच दोन गिलास पेलाव!"