पेरूला हवी आंघोळ

दादामियाँच्या शेतावर मुक्कामासाठी फोन केलात, तर पहिला प्रश्न येतो, "किती माणसं?" लगेच दुसरा, "रोज आंघूळ करता न्हवं?" काही लोक इथंच फोन ठेवतात. जो टिकतो त्याला तिसरा प्रश्न, "देवीचं दर्शन झालंय का व्हायचंय?"

खरी मेख या तिसऱ्या प्रश्नात आहे. तुळजापूर इथून जेमतेम सहा किलोमीटर. दर्शन घेऊन आलेला माणूस कल्लोळ तीर्थात न्हाऊन आलेला असतो, तो इथल्या बादलीकडं बघतसुद्धा नाही. दर्शन व्हायचं असलेला मात्र पहाटे उठून भरपूर पाणी अंगावर घेतो आणि मगच देवीकडं निघतो. दादामियाँना पाहुणा हवा तो असला.

त्याचं कारण असं, की त्यांच्या चार खोल्यांच्या न्हाण्यांचे पाइप थेट चार झाडांच्या आळ्यांत सोडलेले आहेत. शेवगा, पपई, केळ आणि पेरू. खोल्यांचीही हीच नावं. "पपईत लातूरचे पाव्हणे उतरलेत," असं हे गृहस्थ बिनदिक्कत सांगतात. कुणी कुठं झोपायचं ते झाडांची तहान ठरवते. पाच जणांचं कुटुंब आलं की केळीला, एकटा-दुकटा आला की शेवग्याला. साबण फाटकातच काढून घेतात आणि हातात डाळीच्या पिठाची वाटी देतात. सोलापूरच्या एका बाईंनी त्या वाटीचं पिठलं केलं होतं. चांगलं झालं होतं म्हणे.

मी माणिकप्पा मास्तर, शेजारच्या बांधाचा. अक्रमला, म्हणजे दादामियाँच्या मुलाला, पाढे मी शिकवले. निवृत्त झाल्यापासून माझा निम्मा दिवस त्यांच्या ओट्यावर जातो. मी तिथं चहा पितो, वाद घालतो आणि कुणी न विचारता सल्ले देतो. त्यातलाच एक सल्ला अंगाशी आला, त्याची ही गोष्ट.

गेल्या उन्हाळ्यात अक्रमला पुण्याहून कंपनीची बस चालवायचं बोलावणं आलं. पाहुणे कमी होत चालले होते. शाळांच्या सहली आल्या असत्या, पण शाळांना पर्यावरणाचं प्रमाणपत्र असलेलीच ठिकाणं हवीत. प्रमाणपत्र मिळालं तर अक्रम राहणार, नाही मिळालं तर तो, सून हुमेरा आणि पाच वर्षांची नात फलक पुण्याला. दादामियाँ फलकला रोज सगळ्या झाडांची नावं पुन्हा पुन्हा विचारत होते. मला ते बघवत नव्हतं.

अर्ज हुमेरानं भरला; तपासायला एक परीक्षक मुक्कामाला येणार होता. त्यात दादामियाँनी एक वाक्य हट्टानं घालायला लावलं: या चार झाडांना तीन वर्षांत ताज्या पाण्याचा एक तांब्याही दिलेला नाही. आणि मी म्हणालो, "हुमेरा, भिंतीवर एक पाटी पाहिजे. परीक्षकाला बरं वाटतं." पाटी मीच रंगवली, ठळक अक्षरात, परीक्षकाच्या खोलीसमोर: 'पाणी जपा. थेंबही वाया घालवू नका.' अक्षर सुरेख आलं होतं, हे आजही सांगतो.

परीक्षकाचं नाव युवराज. तिशीतला, नीटनेटका, खिशाला चार पेनं. बुधवारी सकाळी आला. हुमेरानं त्याच्यासाठी पेरूची खोली रविवारपासून धुऊन-पुसून कुलूप लावून ठेवली होती. आली की नाही पंचाईत? पेरू चार दिवसांचा उपाशी.

"आता साहेब न्हातील," म्हणत दादामियाँ पाइपापाशी जाऊन बसले. पाइप कोरडा. गुरुवारी पुन्हा बसले. पुन्हा कोरडा. तिकडं साहेब ताजेतवाने होऊन भाकरी-शेंगाचटणी खाताहेत, वहीत टिपणं करताहेत. इकडं पेरूची पानं मान टाकायला लागलेली. पहिल्यांदाच फुलला होता तो.

"एक घागर ओता," मी हळूच म्हणालो. "कोण बघतंय?"

"अल्ला बघतो," दादामियाँ म्हणाले. "आन् मास्तर, तुमी बघताय की."

मी उचललेली घागर खाली ठेवली.

शुक्रवार उजाडला. दादामियाँचा एक शिरस्ता आहे. जुम्म्याच्या नमाजाआधीची आंघोळ ते घरात करत नाहीत. चारांतलं जे झाड सगळ्यात थकलेलं, त्याच्या न्हाणीत करतात. तीन वर्षांत तो कधी चुकला नाही. त्या दिवशी खांद्यावर टॉवेल, हातात गरम पाण्याची बादली, असे ते थेट पेरूच्या दारात गेले आणि कडी वाजवली.

"साहेब, सरका जरा. मला आंघूळ करायचीय."

युवराजनं दार उघडलं. "इथं?"

"हितंच. तुमी तर करंना झालाय."

साहेबांचा चेहरा खुलला. "लक्षात आलं ना तुमच्या? ही पाटी वाचली आणि ठरवलं, आपणही हातभार लावायचा. ओल्या रुमालानं अंग पुसतो. तीन दिवसांत एक थेंब वापरला नाही मी!"

"म्हंजे तीन दिस माज्या झाडाला उपाशी ठिवलं व्हय तुमी!" दादामियाँचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "शिकले-सवरलेले दिसताय, आन् आंघूळ न्हाय करत?"

हुमेरानं कपाळाला हात लावला. अक्रम म्हणाला, "अब्बा, गेलं सर्टिफिकेट." ती दिसू नये म्हणून मी त्या सुरेख पाटीला पाठ लावून उभा राहिलो. भीती वाटत होती. पाटी माझी, सल्ला माझा, आणि माझ्यापायी म्हाताऱ्याची नात पुण्याला जाणार.

युवराज खोलीमागं गेला. पाइप पाहिला, वाळकं आळं पाहिलं, मलूल पेरू पाहिला. वही उघडली, अर्जातलं ते तांब्याचं वाक्य पुन्हा वाचलं. "तीन वर्षांत खरंच एकही नाही? आत्तासुद्धा?"

"आत्ता तरी कसा देऊ? लिवून दिलंय न्हवं."

त्यानं दादामियाँच्या हातातली बादली घेतली आणि आत जाऊन दार लावलं. आम्ही पाच माणसं पाइपाभोवती उभी. आत तांब्याचा आवाज आला, मग पिठाळ पाण्याची धार आली. फलक टाळ्या वाजवत ओरडली, "साहेब न्हाले, साहेब न्हाले!" आतून आवाज आला, "अजून एक बादली मिळेल का?"

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. त्याला जोडलेल्या कागदावर शेरा होता: 'पुढील परीक्षकाने येथे आंघोळ करून येऊ नये, येऊन करावी.' अक्रमनं पुण्याला नाही म्हणून कळवलं. पाटी मात्र दादामियाँनी माझ्याच हातानं पुसायला लावली आणि वर शिक्षा दिली: पेरूची खोली रिकामी असेल त्या दिवशी मास्तरांनी तिथं आंघोळीला यायचं. बायको गेल्यापासून माझ्या आंघोळीची चौकशी करणारं कुणी उरलं नव्हतं. मी तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्याच दिवशी टॉवेल घेऊन हजर झालो.

नवरात्रात पेरूला दोन फळं पिकली. एक दादामियाँनी कागदात गुंडाळून युवराजला पाठवलं. दुसरं फलकच्या हाती माझ्याकडं आलं, निरोपासह:

"दादाजाननी सांगितलंय, मास्तर, खावा. तुमच्याच आंघुळीचा हाय."

खाल्ला. गोड होता.