काकाजींचे न कापणारे चाकू

शंकर नगरातल्या समस्त रहिवाशांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि भाजी चिरणाऱ्या प्रत्येकाला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या समोरच्या घरात पत्र्याची एक ट्रंक भरून चाकू होते आणि त्यांतल्या एकानेही हिरुळकर काकाजींच्या ताब्यात आल्यापासून कोथिंबिरीची काडीसुद्धा कापली नाही. काकाजींना जाऊन आता वर्ष होईल. तेव्हा ही बातमी फोडायला हरकत नसावी.

आम्ही समोर राहायला आलो त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे गेलो. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला हा सडपातळ माणूस व्हरांड्यात बसून मलमलीच्या चिंधीने काहीतरी पुसत होता. मी नमस्कार केला. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "हात दाखव."

मला वाटलं, ज्योतिषी आहेत. मी मोठ्या आशेने उजवा तळवा पुढे केला. काकाजींनी त्यावर आपलं बोट फिरवलं आणि दुःखी चेहऱ्याने मान हलवली.

"घाम आहे," ते म्हणाले. "तू लांबूनच पाहत जा."

घामट हाताचा माणूस जुन्या पोलादाला शिवला की दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांचे ठसे गंजून उमटतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मात्र आपल्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडणार आहे अशा समजुतीत मी दोन रात्री काढल्या.

हे सगळे खिशातले, घडीचे चाकू. सदर बाजारामागच्या भंगारवाल्यांकडून, जुन्या घरांच्या आवराआवरीतून, कुणाच्या आजोबांच्या कोटातून काकाजींनी ते जमवले होते. कुणाची मूठ सांबरशिंगाची, कुणाची हाडाची, कुणाची शिसवी. दर रविवारी ट्रंक उघडायची, बांबूच्या काडीने बिजागरीतला मळ काढायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि पातं उघडून मिटून कानाशी धरायचं. "ऐक, कसा बोलून राहिला," असं ते मला सांगत. मला फक्त 'टक्' ऐकू येई. पण मान डोलवावी लागे.

पावसाळ्यात त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. नव्या बुटांच्या खोक्यात दमट हवा शोषणारी ती छोटी पुडी असते ना, तिच्यासाठी ते अख्खा पारा, म्हणजे आमचा सगळा मोहल्ला, पालथा घालत. "काहो वहिनी, पोट्ट्याले नवे जोडे घेतले म्हणे? जोडे कसे आहेत ते राहू द्या, पुडी कुठं आहे?" आमच्या गल्लीत जोड्यांची खरेदी आधी काकाजींना कळे, मग ज्याच्या पायात ते जायचे त्याला.

काकू या सगळ्याकडे ज्या नजरेने पाहत, तिला मराठीत शब्द नाही. घरात इतके चाकू असून बाईला कलिंगड विळीवर कापावं लागे. एकदा मी हजर असताना त्यांनी मागून पाहिला. "तो मोठा द्या ना एखादा, पाच मिनिटांसाठी."

"ते रिटायर झाले आहेत," काकाजी म्हणाले. "मी रिटायर झाल्यावर मले कोणी कामाले लावलं का?"

"नाही लावलं," काकू कलिंगड उचलत म्हणाल्या. "तीच चूक झाली."

काकूंचं स्वतःचं युद्ध वेगळं होतं, आणि ते धुळीशी होतं. कारखान्यांकडून वारा फिरला की आमच्या गच्च्यांवर बारीक काळी धूळ बसते. काकू ती दिवसातून दोनदा पुसत. त्यांच्या घरात काळं काहीही टिकत नसे. समई, तांब्या, देव्हाऱ्यातली घंटा, सगळं चिंच आणि राख लावून असं लखलखीत, की चष्म्याशिवाय पाहू नये. फक्त ती ट्रंक त्यांच्या राज्याबाहेर होती. तिची किल्ली काकाजींच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असे.

कारण काकाजींचं सगळं प्रेम नेमकं त्या काळेपणावर होतं. "दुधावर साय धरते ना, तशी मुठीच्या पितळेवर धरते," ते सांगत. "पन्नास-साठ वर्षं लागतात. तिले बोट लावायचं नाही. ती गेली की चाकू नवा होतो, अन् नवा चाकू तर बाजारात कोणालेही मिळते."

सर्वांत दाट साय त्यांच्या वडिलांच्या चाकूवर होती. वडील धमतरीच्या छोट्या रेल्वेगाडीवर गार्ड होते, त्या चाकूने पेरू कापून खात. मुठीच्या टोकाचं पितळ तपकिरी-काळं झालेलं, आणि त्यात एकाच ठिकाणी फिकट, अंगठ्याएवढी जागा. वडिलांचा अंगठा तिथे टेके. काकाजी बोलता बोलता आपला अंगठा तिथे ठेवत आणि त्यांचा आवाज थोडा खाली येई.

या चाकूवरून त्यांचं जबलपूरच्या डॉक्टर पाळंद्यांशी फोनवर भांडण चाले. पाळंदेही चाकू जमवणारे. त्यांच्या मते इकडच्या बाजूला पाळंद्यांच्या चाकूंइतका जुना रंग कुणाकडे नव्हता. "फोटोत सगळेच राजे दिसतात, हिरुळकर. हातात घेतल्यावर बोलू." अखेर दिवाळीच्या आधी येतो असं त्यांनी कबूल केलं. काकाजींनी महिनाभर मला दुसरं काही बोलू दिलं नाही. "पाळंदेनं एकदा 'मान गए' म्हटलं की झालं. मग मले काही नको."

पाहुणा यायच्या आठवडाभर आधी काकाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. अंगावर काही ठेवायचं नाही म्हणून त्यांनी गळ्यातली किल्ली काढून काकूंच्या हातात दिली आणि आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. संध्याकाळी डोळ्यावर पट्टी घेऊन परतलो; किल्ली काकूंकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात जाऊन पट्टी काढली, मी त्यांना घरी आणलं, आणि व्हरांड्यात पाऊल टाकताच मला चिंचेचा वास आला.

चटईवर सगळे चाकू ओळीने मांडले होते. लखलखत होते. देव्हाऱ्यातली घंटाही त्यांच्यापुढे मळकी दिसली असती. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या, थकलेल्या आणि अतिशय खूश.

"पाहुणे येऊन राहिले, दिवाळी आली, अन् तुमचा नवा डोळा. पहिल्यांदा काय काळंच पाहाल? बोटं सोलून निघाली माझी."

काकाजी खाली बसले. त्यांनी वडिलांचा चाकू उचलला. पितळ सोन्यासारखं पिवळं झालं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं. अंगठ्याची जागा कुठे होती ते आता सांगता आलं नसतं. मी एक पाऊल मागे सरलो. ट्रंकेला चुकून धक्का लागला म्हणून या माणसाने सख्ख्या मेव्हण्याशी वर्षभर अबोला धरला होता.

"छान दिसून राहिले," काकाजी म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. मी कुजबुजलो, "काकाजी, पाळंद्यांना येऊ नका म्हणून कळवू? डोळ्याचं निमित्त आहेच."

"नाही. तिनं चिवड्याचे पोहे आणून ठेवले आहेत." मग चाकू मिटत म्हणाले, "अरे, मी एवढ्या वर्षांत तिले या ट्रंकेले हात लावू दिला नाही. पहिल्यांदा लावला तर बोटं सोलून घेतली तिनं. आता मी रागावू कोणत्या तोंडानं?"

पाळंदे आले. धिप्पाड, मिशाळ, हातात पांढरे सुती मोजे. मोजे पाहून काकाजींचा चेहरा क्षणभर उजळला. असा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. मग त्यांनी वडिलांचा चाकू पुढे केला. पाळंद्यांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि मोजे काढून ठेवले.

"हिरुळकर," ते हळूच म्हणाले, "हे कुणी केलं? कोण अडाणी माणूस होता?"

मी जमिनीकडे पाहू लागलो. काकाजी ताठ बसले होते.

"मीच," ते म्हणाले. "मीच घासले. म्हटलं, जरा चमकवावे."

"तुम्ही?" पाळंद्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि ती जास्त लागत होती. "फोनवर मला सायीचे धडे देणारे तुम्ही?"

"हव. चूक झाली."

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकू आत आल्या. 'मीच घासले' एवढंच त्यांच्या कानावर पडलं असावं, कारण ट्रे त्यांनी टेबलावर आपटलाच.

"आमच्या ह्यायचं काय ऐकून राहिले डॉक्टरसाहेब! ह्यायले कधी घरचा पेला घासता आला नाही, चाकू काय घासतील? मी घासले सगळे! तुमचेही पाठवून द्या, चिंच पुष्कळ उरली आहे!"