ओकेचं ठीक

आमची सोसायटी वाशीत अगदी नवी होती तेव्हा संध्याकाळी खाडीकडून वारा यायचा आणि दुपारी कुणीच यायचं नाही. नवरा तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत होता, सकाळी सातच्या बसने निघायचा. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, गिरगावातून लग्न होऊन इथे आलेली. शिक्षिकेची नोकरी शोधत होते, पण आसपासच्या निम्म्या शाळा अजून बांधूनच व्हायच्या होत्या. ऐंशीचं दशक मध्यावर आलं असेल. त्या वर्षी मोठे दीर कुवेतहून सुट्टीवर आले आणि त्यांनी बॅगेतून एक काळी, वहीएवढी चपटी वस्तू काढून आमच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर करड्या रबराची बटणं होती.

"कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडायचा," ते म्हणाले. "तिकडे पोरं गेम खेळून कंटाळली."

"मग आम्ही काय करायचं त्याचं?" नवऱ्याने विचारलं.

"तुझी बायको गणितवाली आहे ना? तिला दे."

असा तो माझा झाला. सोबत इंग्रजी पुस्तक होतं. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी ते मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जमिनीवर बसायचे. बेरजा, पाढे, वर्तुळं काढणं, सगळं महिन्याभरात करून झालं. मग मी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर गेले. तिथे बारीक अक्षरात एक लांबलचक तक्ता होता. यंत्र स्वतःच्या कामासाठी स्मृतीतल्या ज्या घरांत नोंदी ठेवतं, त्यांचे नंबर त्यात होते. फुली असलेल्या घरांना हात लावू नका, लावलात तर यंत्र बंद पडेल, असंही लिहिलं होतं. बाकीच्यांबद्दल काहीच मनाई नव्हती.

घरात नवा आकडा घालायच्या हुकमाला 'पोक' म्हणत. मी पहिला पोक केला तो बटणाच्या आवाजाच्या घरात. एरवी बटण दाबलं की ऐकू येईल न येईल असं 'टिक' व्हायचं. आता प्रत्येक बटणाला लांबलचक 'पीऽऽ' व्हायला लागलं. नवरा घरी आला तेव्हा मी मुद्दाम त्याच्यासमोर टाइप केलं.

"याला सर्दी झालीय का?" त्याने विचारलं.

"मी केलंय."

"बरं. मग औषधही तूच दे," म्हणत तो चहा करायला गेला.

बटण किती वेळ दाबून धरलं की अक्षर पुन्हा उमटतं, तेही बदलता येत होतं. मी ते इतकं झटपट केलं की नुसता बोटाचा स्पर्श झाला तरी पडदाभर एकच अक्षर धावत सुटायचं. काही बिघडलं तर प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा. यंत्र सगळं विसरून शहाण्यासारखं समोर यायचं, त्यामुळे मला भीती अशी कधी वाटलीच नाही.

तक्त्यातल्या दोन घरांपाशी मात्र मी बरेच दिवस अडकले. अक्षरांची चित्रं कुठे ठेवली आहेत, याचा पत्ता त्या दोन घरांत होता. तो पत्ता बदलला तर यंत्र आपल्या अक्षरांसाठी भलतीकडेच जाऊन बघणार. मी बदलून पाहिला. सगळ्या अक्षरांच्या जागी मुंग्या आल्या. टाइप करीन तिथे मुंग्याच. पण मग माझ्या डोक्यात आलं, तिथे मी माझी स्वतःची चित्रं ठेवली तर? एकेका अक्षराला आठ गुणिले आठ चौकोन मिळत होते, आणि अशी अक्षरं एकूण शहाण्णव. मी आलेख-वही घेतली आणि मराठी मुळाक्षरं काढायला बसले.

ती मात्र साधेनात. माझा क फ सारखा दिसायचा आणि ळ म्हणजे गाठ पडलेला दोरा.

एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून टँकर येणार होता. मी बादल्या रांगेत लावून जिन्याच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. खालच्या मजल्यावरचे काका मागे येऊन उभे राहिले. मुलाकडे राहायला आलेले, पासष्टीचे, कुणाशी फारसं न बोलणारे गृहस्थ. आमची ओळख नमस्कारापुरती होती.

"हा क आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पोट कुठे गेलं त्याचं?"

मी वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती नाकाशी धरली, माझी पेन्सिल घेतली आणि चार चौकोन खोडून तीन नवे काळे केले. तो क झाला.

काका पस्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते, एकेक शिशाचा खिळा उचलून ओळी जुळवत. मग छापखान्यात नवीन यंत्रं आली आणि जुन्या लोकांना घरी जायला सांगण्यात आलं. "मुलगा म्हणतो, आता आराम करा," ते म्हणाले. "दोन वर्षं आरामच करतोय. आराम करून करून पाठ धरते."

दुसऱ्या दिवशीपासून ते दुपारी तीनला वर यायला लागले. शहाण्णव घरांत मराठी बसवायची हे ऐकून आधी ते हसलेच. त्यांच्या खिळ्यांच्या पेटीत याच्या कितीतरी पट कप्पे असत. पण मग त्यांनीच हिशोब मांडला. काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं ठेवायचं, लागतील तेवढीच अर्धी अक्षरं घ्यायची, आणि शिरोरेघ तिसऱ्या ओळीवर उतरवायची म्हणजे वर वेलांटीला जागा राहील. ते चौकोन भरायचे, मी त्यांचे आकडे करून यंत्रात घालायचे आणि कॅसेटवर साठवायचे. के च्या बटणावर क, आर वर र, ओ वर ओ. जमेल तिथे उच्चाराला उच्चार जोडला होता.

काम पुरं झालं त्या दुपारी मी पत्ता बदलणारा पोक केला. पडद्याच्या तळाशी मराठी अक्षरं आली. एरवी हुकूम पाळून झाला की हे यंत्र इंग्रजी ओ आणि के ही दोन अक्षरं लिहून 'ओके' असा निरोप द्यायचं. तो निरोपही आता आमच्याच अक्षरांत उमटला होता.

काकांनी डोळे बारीक करून वाचलं, "ओक."

मी आणखी एक हुकूम दिला. यंत्राने तो पाळला आणि पुन्हा म्हणालं, ओक.

"हे काय बोलतंय?" काका म्हणाले. "कुणाला सांगतंय?"

मला हसू आवरेना. काकांना मात्र ते लागलं. आपण जुळवलेल्या मजकुरात असा शब्द जातो म्हणजे काय? ते उठून खाली गेले. मला वाटलं, रागावले. अर्ध्या तासात ते आलेख-वहीचा फाडलेला कागद घेऊन वर आले. त्यावर आठ गुणिले आठ चौकोनांत कसाबसा, पण स्वच्छ, 'ठी' बसवलेला होता.

"ओ च्या जागी हा अखंड खिळा घाल," ते म्हणाले. "ओ ला दुसरीकडे हलव."

मी तसं केलं. पुढचा हुकूम पाळून झाल्यावर यंत्राने तळाशी लिहिलं: ठीक.

काकांनी पडद्याजवळ सरकून ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "आणखी एक दे ना हुकूम. काहीही दे." आम्ही बहुतेक वीसेक हुकूम दिले असतील. नवरा आला तेव्हा तोही शेजारी बसला आणि प्रत्येक 'ठीक'ला मान हलवायला लागला.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. येणाऱ्या प्रत्येकीचं नाव टीव्हीवर मोठ्या अक्षरात दाखवायचं, असं मी ठरवलं आणि अक्षर चौपट करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. टाइप करायला काकाच हवे होते, कारण कुठलं अक्षर कुठल्या बटणावर हे माझ्यापेक्षा त्यांच्या बोटांना पाठ होतं. एवढ्या बायकांत बसायला ते आधी तयार नव्हते. शेवटी इस्त्रीचा सदरा घालून, भिंतीकडे तोंड करून बसले. बाई आली की मी नाव सांगायचे, मागे बायकांचा घोळका व्हायचा आणि पडद्यावर नाव उमटलं की सगळ्या एकदम मोठ्याने वाचायच्या. एकीच्या नावात ज्ञ होता. तो आमच्याकडे नव्हता. काकांनी तिला थांबायला सांगितलं, वहीत भराभर चौकोन भरले आणि दहा मिनिटांत तिला तिचा ज्ञ मिळाला. ती तिळगूळ घ्यायचं विसरून पडद्याकडेच बघत उभी होती.

आमच्याकडे जुहूगावातून मासळी घेऊन येणारी मावशीही आली होती, नऊवारी नेसून, नाकात मोठी नथ घालून. तिला आम्ही सगळ्या मावशीच म्हणायचो. मी पहिल्यांदाच तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्या नावात खरं तर ण होता, पण ती तो न म्हणत होती. काकांनी सवयीने ण घातला. मावशीने शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मान हलवली.

"आसा नाय. माजा नाव आसा नाय."

"अहो, शुद्ध असंच आहे," काका मागे न वळता म्हणाले.

"नाव माजा हाय ना? मी बोलते तसाच लिवा."

पस्तीस वर्षं काकांनी लेखकांच्या चुका खिळ्यांतच दुरुस्त केल्या होत्या. त्यांनी क्षणभर बोटं बटणांवर धरली, मग ण पुसला आणि न घातला. मावशीने पुन्हा वाचून घेतलं. "हां," ती म्हणाली, आणि काकांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

ही गोष्ट सोसायटीभर झाली. आलेल्यांपैकी एकीचे यजमान सानपाड्याला छपाईचं दुकान काढणार होते, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं. त्यांना इंग्रजी येणारी माणसं मिळाली होती, मराठी अक्षर बघून खोट काढणारं कुणी मिळत नव्हतं. ते काकांकडे येऊन गेले. काकांच्या मुलाला पसंत नव्हतं, पण काकांनी त्याला न विचारताच हो म्हटलं होतं.

पुढच्या जूनमध्ये मला नेरूळच्या एका शाळेत गणिताची नोकरी लागली. सकाळी आम्ही दोघं एकाच स्टॉपवर उभे राहायचो, काका डबा घेऊन, मी वह्या घेऊन. समोर नवी दुकानं होत होती आणि रोज एखादी नवी पाटी लागलेली असायची. बस येईपर्यंत काका त्या पाट्या तपासायचे. "त्या 'श'ची गाठ बघ," म्हणायचे, "रंगाऱ्याला घाई होती." बसमध्ये चढल्यावरही ते खिडकीतून मागे वळून बघत राहायचे.