हजेरीबाबूंची सुटलेली पानं

नागपूर मुंबई राज्यात गेलं, बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं, तेव्हा आम्ही चार मराठी टाळकी जमलो आणि मंडळ काढलं. दर वर्षी एक हस्तलिखित अंक. प्रत एकच. ज्याचा लेख, त्यानं स्वतःच्या हातानं अंकात लिहायचा. मग अंक घरोघर फिरायचा, एकेका घरी आठ दिवस. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून संपादक मी. त्या पदाचा मला भारी ताठा होता, आता लपवून काय करू.

उकव्याच्या मँगनीज खाणीत एक बाबू मजुरांची हजेरी घ्यायचे. आम्ही त्यांना हजेरीबाबूच म्हणायचो. दर वर्षी एका रविवारी बसनं यायचे आणि माझ्या ओसरीवर बसून विनोदी लेख लिहून जायचे. कच्चं-पक्कं काही नाही, थेट अंकातच. साहेबाच्या तपासणीसाठी गावातून उसने आणलेले मजूर, नवरा झोपलाय म्हणून त्याची हजेरी द्यायला आलेली बायको, असले विषय. भाषा घरातली, मले-तुलेवाली. माझी बायको वाचताना तोंडात पदर कोंबायची. मीही हसायचो, पण दार लोटून. बाहेर म्हणायचो, करमणूक आहे, चालायचंच.

दहाएक वर्षांनी जुने अंक बांधायला काढले, तर प्रत्येक अंकातून हजेरीबाबूंचीच पानं सुटून आली. हळदीची बोटं, तेलाचे डाग, कोपरे झडलेले. माझे निबंध मात्र कोरे करकरीत. बांधणारा म्हणाला, ही पानं शिलाई धरणार नाहीत. एक तर नवीन कागदावर उतरवा, नाही तर काढून टाका. उतरवायचं म्हणजे महिनाभर बसावं लागलं असतं. आणि कुणाचं, तर हजेरीबाबूंचं. मी म्हणालो, काढा.

"फेकता काहून? राहू द्या ना घरात," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. पानं रद्दीत गेली.

पुढे मंडळानं एक पुस्तक छापायचं ठरवलं. सभेत जो तो म्हणू लागला, हजेरीबाबूंचे सगळे लेख एकत्र काढा. ते स्वतः सतरंजीच्या पार मागच्या टोकाला बसले होते, लाजून खाली बघत. मला ती रद्दी आठवली. पानं कुठून आणू? खरं सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी वाङ्मय पुढे केलं. म्हणालो, हसवणं निराळं, साहित्य निराळं. उद्या महाराष्ट्रातल्या जाणत्यांच्या हाती हे पडलं तर आपल्याला काय म्हणतील? चांगला अर्धा तास बोललो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मास्तर म्हणतात तर तसंच असेल, म्हणून लोक गप्प बसले. पुस्तक निघालं ते माझ्या निबंधांचं. मी नको म्हणालो नाही.

त्यानंतरच्या रविवारी हजेरीबाबू घरी आले. हातात नवी वही होती.

"गुरुजी, तुमचं म्हणणं पटलं मले. छापाचं राहू द्या. मी इथंच बसून उतरवून घेतो, पोरीसाठी. ते हिंदीतच शिकून राह्यली. बापाचं मराठी तेवढंच राहीन तिच्यापाशी."

बायको माझ्याकडे न बघता आत निघून गेली. मग मी सांगितलं.

"सगळेच गेले?"

"हौ."

"काहून पण?"

"पानं सुटली होती. लोकांनी फार वाचली म्हणून."

त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "वाचत होते म्हणता लोकं?" आणि खरंच सांगतो, त्यांना बरं वाटलेलं दिसलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं. मला मान वर करवेना. जाताना त्यांनी वही ओसरीवरच ठेवली. म्हणाले, तुमच्या कामी येईल.

मी त्या वहीत त्यांचा एक लेख आठवून लिहिला, तो उसन्या मजुरांचा. मजूर तेच, साहेब तोच, एक प्रसंग गाळला नाही. बायकोला वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि वही परत दिली. पदर काही तोंडाशी गेला नाही.